तारेवरचं बोट

किन्हीराजा,
३० मार्च १९७५

प्रिय दौलतभाऊ,

सप्रेम जयभीम.

"लाकडाले भूक लागते, थंडी लागत नाही." आबांचं हे वाक्य तुला आठवतं का? तू मला तुझ्या फाटक्या सदऱ्याची एकतारीसाठी खोळ शिवायला लावली होतीस. मी दुपारभर ओट्यावर बसून ती शिवली आणि मोठ्या ऐटीत आबांसमोर धरली. ते रागावले नाहीत. खोळ हातात घेऊन त्यांनी ती उलटसुलट पाहिली, तिचा बोळा केला, जवसाच्या तेलात बुडवला आणि त्यानेच एकतारीची दांडी पुसत बसले. मग ते वाक्य म्हणाले, आणि पुढे "त्याले तेल पाजा, कपडे कायले घालता?" असंही म्हणाले. तू हसलास. मी रडले, कारण शिवण माझी होती. आज हे सगळं कशाला आठवलं ते पुढे कळेलच.

तुझी प्रकृती, वहिनींचा गुडघा आणि मुलांचे अभ्यास ठीक असतील अशी आशा आहे. (शाळेत पत्रलेखन शिकवताना मोठ्या भावाला 'तीर्थरूप' लिहा असं मी फळ्यावर लिहिते. घरी तसं लिहायला गेले की आबा म्हणायचे, "तीर्थ त सोडलं आपण, रूप तेवढं राह्यलं." म्हणून तुला नुसतं प्रिय.) इकडे माय, मी आणि शेळी अशा तिघी बऱ्या आहोत. शेळी तर खरोखरच बरी आहे. मायबद्दल खाली लिहिते. माझ्या केसांत पांढरं दिसू लागलं तरी गाव मला बेबीच म्हणतं, तेव्हा माझंही ठीक चाललंय म्हणायचं.

तुझा व्हार्निशचा डबा मिळाला. भुसावळच्या बाजारातून विकत आणलेला आहे, कामावरचा नाही, हे तू पत्रात दोनदा लिहिलंस. एकदा लिहिलं असतंस तरी माझा विश्वास बसला असता. रेल्वेच्या डब्यांना रंग देण्यात तुझा जन्म गेला, त्यामुळे कशाला काय लावावं ते तुला कळतं, असं समजून मी तुझ्या सूचना वाचल्या. एकतारी चकचकीत करायची, जयंतीला तू आलास की तुझ्याबरोबर द्यायची, आणि मग ती तुझ्या क्वार्टरच्या बैठकीत काचेच्या कपाटात राहणार. वहिनींनी कपाटाची जागासुद्धा ठरवली आहे. "आता ती वाजवायची वस्तू नाही, ठेवायची आहे," असं तू लिहिलंस. ते वाक्य मी मायला वाचून दाखवलं नाही. बाकीचं सगळं दाखवलं.

आता एक गोष्ट तुला ठाऊक नव्हती, आणि मलाही अर्धीच ठाऊक होती. आबा गेल्यापासून माय दर पौर्णिमेला एकतारीला तेल पाजत होती. आबा वर्षातून एकदा, जवस निघालं की पाजायचे. मायने विचार केला असावा की धनी गेला, आता लाकडाची आबाळ होईल. पुढेपुढे ती पौर्णिमेची वाट पाहीनाशी झाली. स्वतःला भूक नसली की ती उठून एकतारीला तेल लावायची, आणि तिला भूक बरेच दिवस नव्हती. खायचं जवसाचं तेल एवढं जातं कुठे, म्हणून मी उगाच चतुराबाईवर संशय घेत होते. (चतुराबाई म्हणजे आपली भिंतीपलीकडची शेजारीण. ती दर वेळी वाटी घेऊनच येते, म्हणून.) शिवणीच्या झाडाचं ते लाकूड वर्षभर तेल पीत राहिलं. बोटाने दाबलं तर ओलसर वाटायचं, जसं काही आत्ताच कोणी घामेजल्या हाताने धरून खाली ठेवलं आहे.

त्यावर मी तुझं व्हार्निश लावलं.

एका रविवारी अंगणात बाजेवर कापड अंथरून, तू पाठवलेल्या कुंचल्याने, (त्याचे केस गळत होते, तुझंही तसंच चालू आहे असं वहिनी लिहितात) एक हात दिला. भाऊ, काय चकाकली म्हणून सांगू! भोपळ्याऐवजी आबांनी स्वतः कोरलेला तो लाकडी डबा, ती दांडी, सगळं असं झळकलं की डब्याच्या पोटात मला माझं तोंड दिसलं, मागे आपलं छप्पर, छपराखाली माय. तिने फक्त विचारलं, "आता हे लाकूड खाईन कुठून?"

दुसऱ्या दिवशी ते वाळलं नाही. त्या आठवड्यात वाळलं नाही. पुढच्यातही नाही. फेब्रुवारीचं ऊन तुला ठाऊक आहे. त्यात वाळवण वाळतं, विहीर वाळते, माणूस वाळतं, पण एकतारी नाही. आणि गावात त्या दिवसांत कापूस. घराघरात गंज्या लागलेल्या, हवेत तंतू. ते सगळे येऊन तिला चिकटले. मग चतुराबाईच्या कोंबडीचं पीस. मग शेळी वास घ्यायला गेली आणि दाढीचे चार केस ठेवून आली. मग शाळेच्या हजेरीचा एक कागद; त्यातली तिसरीची अर्धी मुलं आजही तिच्यावर उलटी उमटलेली आहेत. रोज सकाळी मी ओल्या फडक्याने तिला साफ करायची आणि संध्याकाळपर्यंत तिला पुन्हा लव फुटायची. एखादं जनावर अंगावर केस धरतं तशी. मला हसू यायचं, पण हसतानाही मी तिच्याकडे पाठ करून बसायची नाही.

इथपर्यंत गंमत होती. पुढे नीट वाच.

एका सकाळी दांडीच्या वरच्या भागात चकाकी मागे सरलेली दिसली. एवढीशी जागा, अंगठ्याएवढी, निस्तेज. मी म्हटलं, कुंचला फिरला नसेल. दुसऱ्या दिवशी दांडीच्या पलीकडच्या अंगाला आणखी एक जागा उघडी पडली. मग तिच्याखाली एक. मग आणखी एक. सावकाश, जसं कोणी धरताना एकेक बोट टेकवतं. चतुराबाई वाटी घेऊन आली होती, तिने ते पाहिलं आणि वाटी तिथेच ठेवली.

"वो माय! बेबे, हा कोनाचा हात व्हय?"

मी पाहिलं. अंगठा या बाजूला, बोटं त्या बाजूला. "पन एक बोट कमी हाये वो," चतुराबाई म्हणाली, आणि गावात बोट तुटलेले कोण कोण होऊन गेले ते आठवू लागली. माय चुलीपाशी होती. तिने वळूनही पाहिलं नाही.

"कमी नाही," ती म्हणाली. "ते तारेवर हाये."

भाऊ, तुला आबांची पकड आठवते ना? अंगठा आणि तीन बोटांनी दांडी धरायची, अंगठ्याजवळचं बोट तारेवर, दुसऱ्या हातात चिपळ्या. जन्मभर त्याच जागी. ते बोट दांडीला कधी लागलंच नाही, मग त्याची खूण उठणार कशी?

मी शिक्षिका आहे. मी दुपारी चौथीच्या वर्गात तेल आणि पाणी एकत्र राहत नाहीत हा धडा, पाठात नसताना, शिकवला. हाताचं तेल, घाम, वर्षानुवर्षांची पकड; तिथे लाकूड जास्त मुरलेलं, म्हणून तिथे व्हार्निश धरत नाही आणि मागे सरतं. साधी गोष्ट आहे. मुलांना कळली. मला वर्गात कळली आणि घराच्या दारात पाय ठेवल्यावर कळेनाशी झाली. कारण तिच्या चकाकीत आमचं सगळं घर दिसतं, चूल, उतरंड, माय, मी. त्या चार जागी मात्र घर दिसत नाही.

गोपीचंद सुताराला विचारलं. त्याने मान हलवून सांगितलं की एका हाताने झाकलं नाही तर दुसरा हात द्या. (त्याला व्हार्निशचा हात म्हणायचं होतं, पण माझ्या अंगावर काटा आला.) दुसरा दिला. तीन दिवस खूण नव्हती. चौथ्या दिवशी पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात, आणि या वेळी नखाची कडसुद्धा दिसू लागली. गोपीचंद म्हणाला तिसरा द्या. मी डबा झाकून माळ्यावर टाकला.

मग ती वाजू लागली. दिवेलागणीला, भाकरी थापताना, मागच्या खोलीतून तारेचा सूर, अगदी बारीक, पण आबांच्या पट्टीतला. माझा हात पिठात तसाच राहिला. माय म्हणाली, "आले वाटते." मी कंदील घेऊन गेले, कारण जाणं भाग होतं. पाहते तर एक भुंगा! पाठीने व्हार्निशला चिकटलेला, पंख तारेला लागलेले, आणि सुटायला धडपडत होता. मी इतकी हसले की भिंतीपलीकडून चतुराबाईने विचारलं काय झालं. काडीने त्याला अलगद सोडवलं, तो भेलकांडत उडून खिडकीबाहेर गेला. मी कंदील उचलला आणि दाराशी आले. तार अजून वाजतच होती. थोडाच वेळ. कंपन राहतं, हे मी मुलांना शिकवते.

अशा गोष्टी गावात झाकून राहत नाहीत. पहिल्यांदा बाया फुलं घेऊन आल्या. मग वरच्या आळीतून कोणी हळदकुंकू पाठवलं, ते मी हात जोडून परत केलं. मग पंचशील मंडळाचे अध्यक्ष म्हणून जानराव आले, सोबत मंडळ. "बेबीबाई," ते म्हणाले, "छप्पन साली नागपूरले आपन काय बोलून आलो? आपल्यात भूत बसत नाही." मी म्हटलं, मी कुठे बसवलं? ते म्हणाले, "मंग हे काय हाये?" मी म्हटलं, तेल. अंगणात सभा झाली आणि ठरलं की हा हात नसून तेल आहे, आणि तेलाला चपला काढून नमस्कार करायचं कारण नाही. (ठराव मांडताना जानरावांच्या चपला दाराबाहेर होत्या.)

ठराव झाला तरी कोणी उठेना. तुला आठवत असेल, धर्मांतरानंतर लोक घरातले देव गाठोड्यात बांधून नदीला नेत होते, तेव्हा कोणी तरी म्हणालं ही अभंगाची एकतारीही टाका. आबांनी ती छातीशी धरली. "देव बुडवा, लाकूड नोका बुडवू. लाकडाले जात नसते." आणि त्याच तारेवर दुसऱ्या दिवशी नवं गाणं उभं केलं. तेव्हापासून जयंतीचं पहिलं गाणं या एकतारीवरच झालं, फक्त गेल्या वर्षी सोडून. गेल्या वर्षी आबांची जागा तशीच रिकामी ठेवली आणि पोरांनी एकदम ढोलकीवरच सुरुवात केली. ते कोणालाच बरं वाटलं नव्हतं. तेव्हा आता सगळ्यांच्या मनात एकच होतं, यंदा ती कोण धरणार. शेवटी जानराव म्हणाले, "पाहू त खरं, कोनाचा हात बसते," आणि स्वतःच पुढे झाले.

त्यांचा अंगठा खुणेवर बसला. बोटं बसली नाहीत. ती जाड, आखूड, आणि त्यांनी ती जोर करून बसवायला पाहिली, तर हातच चिकटला. ओढला, तर एकतारी सोबत आली. अध्यक्ष अंगणभर एकतारी घेऊन फिरू लागले. "काढा ना वो कोनी!" मंडळ गंभीर राहण्यासाठी जमिनीकडे पाहत होतं. माय उठली, जवसाच्या तेलाची वाटी आणली, त्यांच्या बोटांवर ओतली आणि एकेक बोट सोडवत म्हणाली, "तेलानंच सुटते ते. दुसऱ्यानं नाही." त्यानंतर आणखी काही जणांनी हात लावून पाहिला, प्रत्येक जण तेल लावून सुटला. कोणाचा बसला नाही.

आता मायचं. ती अर्धी भाकरी खाते, तीही माझ्या समाधानासाठी. चोळीच्या बाह्या सैल झाल्यात. मी विचारलं तर म्हणते, "त्याईनं अजून सोडली नाही. घेनारा आल्याबिगर कसे सोडतीन? थकले असतीन वो धरून धरून." मी तिला तेलाचं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "तेल मीच त लावत होतो, मले काय सांगतं?" घेणारा म्हणजे तू, हे तिने म्हटलं नाही, पण ती दर एसटीच्या आवाजाला बाहेर पाहते. लहानपणी सगळे म्हणायचे, दौलतचे हात बापावर गेले. तू तेव्हाही हात खिशात घालायचास.

म्हणून हे पत्र. हे व्हार्निश कशाने निघतं ते कळव. टर्पेंटाइनने निघत असेल तर बाटली पाठव, मालेगावच्या बाजारात मिळालं नाही. निघालं की खूणही जाईल, माय जेवेल, आणि तुझ्या कपाटात ठेवायला स्वच्छ वस्तू मिळेल. वहिनींना जयभीम, मुलांना आशीर्वाद.

तुझी बहीण,
बेबी

ता. क. टर्पेंटाइन पाठवू नकोस.

ता. क. वरचं पत्र सकाळी लिहिलं. पाकीट बंद करायला खळ करणार होते, पण त्याआधी काय झालं ते सांगते. माय चतुराबाईकडे गेली होती. मी एकतारीवरचा कापूस काढायला बसले आणि नीट धरता यावी म्हणून दांडी हातात घेतली. आयुष्यात पहिल्यांदा. आबांनी ती मला कधी नाही म्हटली नव्हती; मी मागितली नव्हती आणि त्यांना सुचलं नव्हतं, एवढंच. हात चिकटला. तेलाची वाटी चुलीपाशी, मी ओट्यावर. उठून जाता आलं असतं. मी गेले नाही. एक बोट मोकळं होतं, ते तारेवर गेलं. आता हात अडकलाच आहे तर, म्हणून मी आबांचं जयंतीचं पहिलं गाणं म्हणू लागले, हळू, शेळीला ऐकू जाईल इतकंच.

दुसऱ्या कडव्याला माय दारात उभी होती. मला वाटलं, आता ही रडेल.

"इतकं वरून काहून उचललं?" ती म्हणाली. "तुया बाप खालून उचले."

मी खालून उचललं. ती उंबऱ्यावर बसून शेवटपर्यंत ऐकत राहिली, मग जवळ येऊन माझा हात पाहिला. मी म्हटलं, माय, माझाही बसत नाही, अंगठा लागतो पण बोटं पुरत नाहीत, बघ, केवढी जागा उरते.

"उरू दे," ती म्हणाली. "त्याईले बी धराले जागा पाह्यजे ना."

भाऊ, त्या उरलेल्या जागेत ऊब होती. (एकतारी उन्हात होती, हे मला ठाऊक आहे.)

मग मायने भाकरी मागितली. ठेचा लावून सगळी खाल्ली, आणि पुन्हा अर्धी. मी एका हाताने वाढली, कारण दुसरा अजून सोडवायचा होता, आणि तिला घाई नव्हती.

आणखी एक ता. क. खरं म्हणजे यासाठीच लिहिते आहे. पोस्टाचं तिकीट आणायला गेले तेव्हा वाटेत जानरावांना विचारलं, यंदा जयंतीचं पहिलं गाणं मी म्हटलं तर? त्यांनी स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं. म्हणाले, "बाईमानसानं एकतारी धरनं... पोरगा हाये ना त्याईचा. दौलतची चिठ्ठी आन, मंग पाहू." तेव्हा एकतारी माझ्याकडे राहू दे, आणि तशी चिठ्ठी जानरावांना लिही. कपाटात दुसरं काही ठेवता येईल. वहिनींकडे चिनी मातीचे हत्ती आहेत.

तू नाही म्हणशील. मी तुला ओळखते. तू पत्र घडी करून खिशात ठेवशील आणि वहिनींना म्हणशील, बेबी अजून बेबीच आहे. तसं असेल तर एवढं कर. नाही म्हणायचं ते पत्राने कळवू नकोस. जयंतीच्या आधी इथे ये, मायसमोर एकतारी हातात घे, आबांच्या खुणेवर बोटं ठेव आणि मग म्हण.

ती अजून वाळलेली नाही.